१८४३ चा पाचवा कायदा आणि दास्यमुक्तीविषयीचे मतभेद

७ एप्रिल १८४३ रोजी हिंदुस्थान सरकारने त्या वर्षातील पाचवा कायदा संमत केला. हिंदुस्थानातील गुलामगिरी नष्ट करणारा कायदा म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा एका ओळीत निर्देश होतो आणि लेखक लगेच रेल्वेकडे किंवा विधवाविवाहाच्या कायद्याकडे वळतो. मूळ कायदा मात्र कोणी वाचीत नाही. तो अवघ्या चार कलमांचा आहे. सारावसुलीसाठी अथवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी कोणत्याही सरकारी अंमलदाराने गुलाम म्हणून माणसाची विक्री करू नये, हे पहिले कलम. गुलामाच्या देहावर वा श्रमावर कोणी हक्क सांगितल्यास त्या हक्काची अंमलबजावणी कंपनीच्या मुलखातील कोणत्याही न्यायालयाने करू नये, हे दुसरे. एखाद्याने स्वकष्टाने, वारशाने वा अन्य मार्गाने मिळविलेली मालमत्ता केवळ तो गुलाम आहे या सबबीवर हिरावून घेता येणार नाही, हे तिसरे. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा ठरतो तो गुलाम म्हणविल्या जाणाऱ्या माणसाविरुद्धही गुन्हाच ठरेल, हे चौथे.

गुलाम मुक्त झाला, असे विधान या चारही कलमांत नाही. गुलाम बाळगणे हा अपराध आहे, असेही त्यात म्हटलेले नाही. सरकारने मालकाच्या पाठीवरचा आपला हात काढून घेतला, एवढाच त्याचा अर्थ होतो. आता तो हात निघाल्यावर मालकाच्या मदतीला दुसरे काय उरले होते, हा प्रश्न त्या काळी फारच थोड्यांनी विचारला. आमच्या मते दास्यमुक्तीविषयीच्या सर्व मतभेदांचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

प्रथम हिंदुस्थानला १८४३ पर्यंत का थांबावे लागले, हे पाहू. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली साम्राज्यातील गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा केला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला. वेस्ट इंडीज, मॉरिशस, केप या वसाहतींतील सुमारे आठ लक्ष गुलामांना तो लागू झाला. त्यांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई देण्यात आली. गुलामांना कवडीही मिळाली नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांना पूर्वीच्याच मालकाकडे राबावे लागले. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश सरकारने २०१५ साली फेडला. परंतु याच कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना हे प्रदेश स्पष्ट शब्दांत वगळले होते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्यात गव्हर्नर जनरलने गुलामांची स्थिती सुधारण्याचा आणि यथाकाल ही प्रथा संपविण्याचा विचार करावा, इतकेच सांगण्यात आले. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले सर बार्टल फ्रिअर यांनी १८४१ च्या सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात ऐंशी ते नव्वद लाख गुलाम असावेत असा अंदाज केला होता. अंदाज म्हणूनच तो घ्यावयाचा. तरी सुद्धा ज्यांना वगळले त्यांची संख्या ज्यांना सोडविले त्यांच्या कित्येक पट होती, हे त्यावरून दिसते.

या वगळण्यामागे साखरेचेही राजकारण होते. १८२० नंतरच्या दशकात इंग्लंडातील दास्यविरोधी मंडळी वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य करून हिंदुस्थानची साखर वापरण्याचा प्रचार करीत असत. ती मुक्त माणसांनी पिकविलेली आहे, असे त्यांचे म्हणणे. लिव्हरपूलचे व्यापारी जेम्स क्रॉपर हे या प्रचारातील एक अग्रणी; त्यांचा स्वतःचा हिंदुस्थानशी व्यापार होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. यावर वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनी उलट प्रश्न केला की, हिंदुस्थानात गुलाम नाहीत असे तुम्हांस कोणी सांगितले? स्वतः शेकडो माणसे विकत घेणाऱ्यांनी हा प्रश्न करावा हा निर्लज्जपणा खरा. पण प्रश्न योग्य होता. दास्यविरोधकांपैकी अनेकांनी त्याचे उत्तर टाळले किंवा हिंदुस्थानातील दास्य हे सौम्य, घरगुती, जवळजवळ कौटुंबिक स्वरूपाचे आहे, असे उत्तर दिले. 'सौम्य दास्या'चा हा सिद्धान्त तेव्हापासून जो रूढ झाला तो आजतागायत वेगवेगळ्या वेषांत आपल्याला भेटत असतो.

कंपनीच्या अधिकाऱ्यांचा स्वतःचा व्यवहार या बाबतीत विलक्षण दुटप्पी होता. वॉरन हेस्टिंग्ज यांच्या कारकिर्दीत १७७२ साली केलेल्या नियमांत दरोडेखोराला फाशी द्यावी आणि त्याच्या कुटुंबाला सरकारचे गुलाम करावे, अशी तरतूद होती. १७८५ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी ज्यूरीपुढील भाषणात, विक्रीसाठी आणलेल्या मुलांनी भरलेल्या होड्या नदीतून कलकत्त्यास येतात, याचे वर्णन केले. त्याच भाषणात आपल्याही घरी गुलाम आहेत, परंतु आपण त्यांना नोकर समजतो, असेही सांगितले. १७८९ साली कॉर्नवॉलिस यांनी माणसे परदेशी निर्यात करण्यास बंदी केली. देशातल्या देशात चालणारा व्यवहार तसाच राहिला. १८०८ मध्ये बुंदेलखंडचे न्यायाधीश रिचर्डसन यांनी ही प्रथा सर्वस्वी बंद करावी, अशी सूचना केली. त्यांनी मुफ्तींचे मत मागविले, तेव्हा मुसलमानी कायद्याप्रमाणे धर्मयुद्धात पकडलेला अन्यधर्मीय व त्याची संतती यांखेरीज कोणीही गुलाम ठरत नाही, असे उत्तर आले. म्हणजे त्या कायद्यानेच देशातील बहुसंख्य गुलाम बेकायदा ठरत होते. तथापि वरिष्ठांनी सूचना बाजूस ठेवली. लोकांच्या धर्मात हस्तक्षेप नको, हे कारण.

हा लोकांचा धर्म कोठून शोधला जात होता? पंडितांकडून आणि मनुस्मृतीकडून. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. नारदाने ते पंधरापर्यंत नेले. याज्ञवल्क्य आणि नारद यांनी दास्य वर्णांच्या उतरत्या क्रमानेच असावे, चढत्या क्रमाने नसावे, असा निर्बंध घातला. शूद्र विकत घेतलेला असो वा नसो, सेवेसाठीच निर्माण झालेला आहे, ही मनूची भूमिका प्रसिद्धच आहे. कंपनीच्या न्यायालयांनी याला 'हिंदूंचा कायदा' मानले. याच भूमीत माणसांची खरेदीविक्री हा उपासकाने वर्ज्य करावयाच्या पाच व्यापारांपैकी एक आहे, असे सांगणारी दुसरी परंपरा होऊन गेली होती, याची दखल घेण्याचे त्यांना कारण पडले नाही. येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. विनयपिटकात दासाला प्रव्रज्या देऊ नये असाही नियम आहे आणि आपल्याकडील काही लेखक तो झाकून ठेवतात. तो झाकण्याचे प्रयोजन नाही. तत्कालीन राज्यसंस्था आणि मालक यांच्याशी संघाला करावी लागलेली ती तडजोड होती. परंतु दास्य हे ईश्वरनिर्मित वा जन्मसिद्ध आहे असे समर्थन तेथे नाही. अस्सलायन सुत्तात तर यवन व कंबोज देशांत आर्य आणि दास असे दोनच वर्ण असून आर्याचा दास व दासाचा आर्य होतो, असा दाखला देऊन जन्मसिद्धतेचा दावाच खोडून काढला आहे.

आता 'सौम्य दास्या'कडे वळू. ज्यांनी हा सिद्धान्त मांडला त्यांनी पाहिलेला गुलाम कोण होता? तो बंगालमधील किंवा उत्तर हिंदुस्थानातील संपन्न घरांतला चाकर होता, जनानखान्यातील दासी होती. आपल्या मराठी मुलखातही पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबीण आणि बटीक या नावांनी ज्यांची नोंद आढळते त्या स्त्रिया कोठीत, पागेत, किल्ल्यांवर आणि सरदारांच्या वाड्यांत राबत होत्या. व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रियाही त्यांत असत. त्यांचे जिणे सौम्य होते असे म्हणण्यासही फार मोठे धारिष्ट लागेल. परंतु गुलामांचा फार मोठा समुदाय वाड्यात नव्हताच. तो शेतावर होता. आणि दक्षिणेत तो शेतावरचा गुलाम अस्पृश्य होता.

फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८००-०१ मध्ये म्हैसूर, कॅनरा आणि मलबार या प्रदेशांतून प्रवास केला आणि त्याचा वृत्तान्त १८०७ साली प्रसिद्ध झाला. मलबारमधील चेरुमार, पुलय, परय इत्यादी जातींच्या शेतगुलामांविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते मुळातून वाचावे. जमिनीसाठी जे तीन व्यवहार होते तेच माणसासाठीही होते: जन्मम म्हणजे कायमची विक्री, काणम म्हणजे गहाण आणि पाट्टम म्हणजे खंडाने देणे. पतिपत्नींना वेगळे विकता येत नसे, पण मुलांना आईबापांपासून आणि भावाला बहिणीपासून तोडता येत असे. गहाण आणि खंड हे दोन प्रकार बुकॅनन यांना विशेष घृणास्पद वाटले आणि त्याचे कारण त्यांनी नेमके दिले आहे. ज्याने माणूस तात्पुरता घेतला त्याचे हित अधिक काम काढून घेण्यात आणि कमी अन्न देण्यात असते. माणूस मेला तर नुकसान दुसऱ्याचे. मालक आपल्या मालमत्तेची काळजी घेतोच, हा 'सौम्य दास्या'चा मुख्य आधार या एका निरीक्षणाने कोसळतो.

इंग्रजही येथे केवळ प्रेक्षक नव्हते. अंजरकंडी येथे मर्डोक ब्राऊन यांचा मळा होता. १८११-१२ च्या सुमारास तेथील न्यायाधीश थॉमस बेबर यांना त्या मळ्यावर त्रावणकोरातून पळवून आणलेली मुले सापडली. बेबर यांनी त्यांची सुटका केली आणि त्यापायी आपल्याच देशबांधवांशी दीर्घकाळ वैर पत्करले. सरकारी साऱ्याच्या थकबाकीसाठी गुलामांचा लिलाव करण्याची पद्धतही मलबारात होती. १८४३ च्या कायद्याचे पहिले कलम सरकारी अंमलदारालाच उद्देशून का आहे, हे आता वाचकांच्या लक्षात येईल.

१८४१ मध्ये विधी आयोगाने गुलामगिरीवरील आपला विस्तृत अहवाल सादर केला. त्यातील माहिती अमूल्य आहे. निष्कर्ष भित्रे आहेत. मालकाला गुलामास शिक्षा करण्याचा अधिकार असावा की नसावा, यावर सभासदांत एकमत नव्हते. मेकॉले यांनी १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यात, जे कृत्य गुन्हा आहे ते मालकाने गुलामाविरुद्ध केले म्हणून माफ होऊ नये, ही भूमिका आधीच घेतली होती. त्याविरुद्ध सर्वांत प्रभावी युक्तिवाद आला तो दुष्काळाचा. दुष्काळात आईबाप मुलांना विकतात आणि त्यामुळे मुले जगतात. हा मार्ग बंद केला तर ती मरतील, सबब दास्य ही गरिबांची एक प्रकारची तरतूदच आहे, असे म्हटले गेले. जे सरकार दुष्काळातही सारा सोडीत नव्हते त्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी हा युक्तिवाद करावा, यावर अधिक भाष्य नको. दुसऱ्या बाजूला विल्यम ॲडम यांनी १८४० साली हिंदुस्थानातील गुलामगिरीच्या कायद्यावर आणि चालीवर ग्रंथ प्रसिद्ध करून इंग्लंडातील दास्यविरोधकांना जागे करण्याचा यत्न केला. लॉर्ड ऑकलंड यांनी निर्णय लांबविला. लॉर्ड एलेनबरो यांच्या काळात कायदा झाला.

मालकांकडून फारसा विरोध झाला नाही. वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांना दोन कोटी पौंड मोजावे लागले. येथे एक रुपयाही द्यावा लागला नाही. याचे श्रेय सरकारच्या चातुर्याला देणारे इतिहासकार आहेत. आमचे मत वेगळे आहे. मालकांनी भरपाई मागितली नाही, कारण त्यांचे काही गेलेच नव्हते. न्यायालयात जाऊन पुलयाला परत मिळविण्याची त्यांना गरज नव्हती. पुलय जाणार कोठे? त्याला जमीन विकत घेता येत नव्हती, सार्वजनिक रस्त्याने चालता येत नव्हते, बाजारात शिरता येत नव्हते, कचेरीच्या पायरीपाशी उभे राहून आपली तक्रार सांगता येत नव्हती. सरकारचा हात निघाला; जातीचा हात जेथल्या तेथे होता.

पुढील घटना याची साक्ष देतात. मिशनऱ्यांच्या अर्जांनंतर आणि मद्रास सरकारच्या दडपणानंतर कोचीन संस्थानाने १८५४ मध्ये व त्रावणकोरने १८५५ मध्ये गुलामगिरी नष्ट केल्याचे जाहीर केले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने माणसाला गुलाम म्हणून विकत घेणे वा विकणे हा अपराध ठरविला आणि ती १८६२ पासून अमलात आली. पण मधल्या १८५९ सालच्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षा देण्याची सोय मालकांना करून दिली होती. हा कायदा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत टिकला. १८९१ मध्ये चिंगलपुटचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी परयांच्या स्थितीवर टिपण लिहिले. गुलामगिरी कायद्याने जाऊन जवळजवळ अर्धशतक लोटले होते. तरी मिरासदार त्यांना पडीक जमीन मिळू देत नव्हते आणि राहत्या झोपडीखालची जागासुद्धा त्यांची नव्हती, असे त्यात आढळते. त्यातूनच पुढे अस्पृश्यांसाठी जमिनी राखून ठेवण्याचा मद्रास सरकारचा आदेश निघाला. दक्षिण गुजरातेत दुबळा जमातीचा हाळी आणि दक्षिण बिहारात भुइया जातीचा कामिया हे लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबत राहिले. कागदावर गुलाम हा शब्द जाऊन ऋणको हा शब्द आला.

इतिहासकारांतील वाद येथूनच सुरू होतो. भूमिहीन मजुरांचा वर्ग ब्रिटिशांच्या अमदानीत निर्माण झाला, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते. धर्मा कुमार यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण हिंदुस्थानाच्या पुराव्यावरून दाखविले की, जातीने बांधलेला हा वर्ग ब्रिटिशांपूर्वीही होता. यान ब्रेमन यांनी १९७४ मध्ये हाळी पद्धतीचा अभ्यास करून तिच्यात शोषणाबरोबर आश्रयदात्याचे नातेही होते आणि पुढे ते नाते विरून शोषण तेवढे उरले, असे प्रतिपादिले. ग्यान प्रकाश यांनी १९९० साली कामियांच्या इतिहासात याहून पुढचे पाऊल टाकले. मुक्त श्रम आणि दास्य ही जोडीच मुळी वसाहतवाद्यांनी आणलेली आहे. त्यांनी येथील परस्परावलंबी नात्यांना त्या चौकटीत बसविले, असा त्यांचा आशय आहे. विद्वत्तेच्या दृष्टीने हा ग्रंथ मोलाचा आहे आणि कर्जबाजारी दास्य कायद्याच्या भाषेतून कसे घडले, हे त्याने उत्तम दाखविले आहे. पण अखेरीस एक शंका राहतेच. मुक्ततेची कल्पना परकी होती असे म्हटले की, कामियाला स्वतःला मुक्त व्हावेसे वाटत नव्हते असा अर्थ काढणे सोपे जाते. मलबारची पळून जाणारी माणसे आणि त्यांना पकडून आणणारे मालक हे दोघेही कोणत्या युरोपीय ग्रंथाची वाट पाहत बसले नव्हते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. स्वदेशात तीस वर्षांपूर्वी झालेल्या कायद्याकडे न पाहता त्यांची दृष्टी सातासमुद्रापलीकडे गेली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी लाखो माणसांनी युद्धात प्राण दिले होते. येथे चार कलमे छापली गेली होती. शिवाय फुल्यांच्या लेखी गुलामगिरी हा खरेदीखताचा विषय नव्हता, मनावर बसविलेल्या धर्माज्ञेचा होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच धागा पुढे नेला. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या निबंधात त्यांनी दास्य म्हणजे केवळ कायदेशीर ताबेदारी नव्हे. आपल्या वर्तनाचे हेतू दुसऱ्याने ठरवून द्यावेत अशी स्थिती म्हणजे दास्य, अशी व्याख्या स्वीकारली. शासनाने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध केलेल्या लेखनात दास्य आणि अस्पृश्यता यांची सविस्तर तुलना आहे. हिंदूंतील दास्याचा १८४३ च्या कायद्यापर्यंतचा प्रवास सांगून ते अस्पृश्यतेला दास्याहून वाईट ठरवितात. गुलामाची किंमत मालकाने मोजलेली असल्याने त्याला जगविणे मालकाच्या हिताचे असते; अस्पृश्याच्या जगण्यामरण्याची जबाबदारी कोणावरच नसते. शिवाय उघड दास्यात आपण गुलाम आहोत ही जाणीव तरी असते. अस्पृश्यता माणसाचे स्वातंत्र्य हिरावते आणि त्याला त्याची जाणीवही होऊ देत नाही. ही तुलना करताना त्यांच्यासमोर मुख्यतः रोम आणि अमेरिका येथील गुलाम होते. मलबार-त्रावणकोरात दोन्ही गोष्टी एकाच देहावर लादलेल्या होत्या. तेथे पुलयाची किंमतही मोजली जात होती आणि त्याची सावलीही चालत नव्हती. म्हणून १८४३ नंतर त्याला मालकाकडून मिळणारे मूठभर धान्य तेवढे अनिश्चित झाले आणि अस्पृश्यता पूर्ववत राहिली. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा याहून स्पष्ट दाखला शोधून सापडणार नाही. महार वतनाविषयी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात जे विधेयक आणले, त्यामागेही हीच दृष्टी होती. महार हा कायद्याने कोणाचाच गुलाम नव्हता, तरी चोवीस तास साऱ्या गावाचा आणि सरकारचा चाकर होता. ती वतने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

त्रावणकोरात खरी दास्यमुक्ती कोणी केली, हे पाहावयाचे असेल तर अय्यनकाळी (१८६३-१९४१) यांच्याकडे पाहावे लागते. १८५५ च्या जाहीरनाम्यानंतर जन्मलेला हा पुलय तरुण १८९३ साली स्वतःची बैलगाडी घेऊन बंदी असलेल्या रस्त्याने निघाला. पुढे मुलांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी शेतमजुरांकडून काम बंद करविले. भात पेरणारे हात थांबल्यावर जमीनदारांना शाळेचे महत्त्व कळू लागले. एका पुलय मुलीला त्यांनी शाळेत नेले तेव्हा विरोधकांनी ती शाळाच पेटवून दिली. त्याच प्रदेशात पोय्कयिल योहन्नान (१८७९-१९३९) यांनी, आईबाप विकले गेलेल्या अनाथ लेकरांच्या आठवणी गीतांतून आणि प्रवचनांतून जिवंत ठेवल्या. सरकारी अहवालांत जे सौम्य म्हणून नोंदले गेले त्याची ही दुसरी नोंद आहे आणि इतिहासकारांना तिची दखल घेण्यास विसाव्या शतकाचा अखेर उजाडला.

भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली. तरी ज्या विधानाचा १८४३ च्या कायद्यात अभाव होता ते विधान भारताच्या कायद्यात १९७६ साली आले. त्या वर्षीच्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या चौथ्या कलमान्वये प्रत्येक वेठबिगार हा कायदा लागू होताच मुक्त झाला आणि सहाव्या कलमाने त्याचे कर्ज संपुष्टात आले. याच कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यांत दक्षता समित्या नेमण्यास सांगितले असून प्रत्येक जिल्हा समितीवर अनुसूचित जाती-जमातींचे तीन सभासद असावेत, असे त्यात बंधन आहे. या सभासदांची नेमणूक मात्र जिल्हा दंडाधिकाऱ्याने करावयाची आहे.